उंबरपाड्याची मेढ

महिपतीला कुणीही विचारावं, "कुठले हो तुम्ही?" की गडी छाती पुढं काढून सांगणार, "उंबरपाड्याचा."

आता उंबरपाडा जगाच्या पाठीवर उरला नाही, हे बदलापुरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. लढाईच्या दिवसांत लष्करानं शहाडच्या अंगाची ती सगळी जमीन छावणीसाठी घेतली, पाडा उठवला आणि तिथं बराकी बांधल्या. लढाई संपली, सोल्जर गेले. मग फाळणी झाली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. त्या वस्तीचं उल्हासनगर झालं आणि उंबरपाडा होता तो तुकडा कॅम्प एकमध्ये गडप झाला. पण महिपती आपला उंबरपाड्याचाच! रेशनकार्डावर 'बदलापूर' लिहिलं म्हणून कारकुनाशी भांडून आलेला माणूस तो.

बरं, नुसतं तोंडानं म्हणण्यापुरतं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं? पण या हट्टापायी त्याची बायको रखमाबाई तेरा वर्षं भावाच्या पडवीत चूल मांडून बसली होती. भाऊ भला होता. भावजय वेणूबाई मात्र चिमटे काढण्यात वस्ताद. "वन्सं, धूर जरा तिकडं जाईल का, माझी दांडीवरची लुगडी काळी पडतात," असं गोड हसून म्हणायची. रखमाबाई चुलीत फुंकर घालायची. फुंकर जरा जोरात जायची, एवढंच.

घराला जागा नव्हती असंही नाही. नदीच्या अंगाला जागेचा तुकडा मिळालेला होता, त्याला भेंडीचं कुंपणही होतं. उंबरपाड्याच्या घराची कौलं, वासे, दारं महिपतीनं तेव्हा गाडीत घालून आणली होती, ती मेहुण्याच्या परसात रचून ठेवलेली होती. विंचवांच्या पिढ्या त्यात नांदत होत्या. नव्हती ती फक्त मेढ.

मेढ म्हणजे घर बांधताना सगळ्यात आधी रोवतात तो खांब. हळदकुंकू लावून, आंब्याचा डहाळा बांधून, बायका गाणी म्हणत उभी करतात. महिपतीच्या कुळाचा रिवाज असा, की घर सोडायचं झालं तर आधी मेढ उपटायची. उपटली की घर मोडलं. उभी असेल तोवर घर मोडलेलं नाही, नुसतं उघडं पडलंय, असं मानायचं. तलाठ्यानं सांगितलं होतं, लढाई संपली की जागा परत मिळेल. महिपतीनं त्याच्यावर विश्वास ठेवला. सगळं घर उतरवलं, मेढ तेवढी ठेवली. तिला तेल चोपडलं, सुपारी बांधलेलं पिवळं फडकं तिच्या टोकाच्या दुफाटी बेळक्याला बांधलं आणि म्हणाला, "येतो."

तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "मेढ हाय तर घर हाय. घर असताना दुसरं कशाला बांधू? एका मानसाला दोन घरं कशाला?" आणि मेढ अजून आहे की नाही हे बघायला मात्र स्वारी एकदाही तिकडं फिरकली नव्हती. त्यामागची भीती कळायला फार शहाणपण लागत नव्हतं.

यांचा एकुलता एक मुलगा हिरामण. मॅट्रिक झाला, रेल्वेत असिस्टंट स्टेशनमास्तर म्हणून लागला आणि भुसावळला ट्रेनिंगला निघायची तयारी झाली. सगळ्या आळीत पेढे वाटून झाले. त्याच संध्याकाळी रखमाबाई भाकरी थापता थापता थांबली.

"हिरामना, एक सांग. नोकरीवरून सुट्टीला येशील तो कुनाच्या घरी येशील?"

"म्हंजे? इथंच येईन की, आये."

"हितं म्हंजे कुनाच्या? मामाच्या. उद्या लगीन करशील, सून आनशील, ती कुनाच्या घरी उतरेल? मामीच्या." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मना स्वताच्या दारातून तुला निरोप द्यायचा व्हता रं. तो काय आता व्हत नाय. निदान येशील तवा दारात उभी राहीन, एवढं तरी कर."

 हिरामण तसाच उठून बापाकडं गेला आणि आता घर बांधू या म्हणाला. बाप ओट्यावर विडी ओढत होता. पोरगा नोकरीला चाललाय, म्हणताना महिपतीही जरा नरम होता. विडी विझवून म्हणाला, "जा. तूच बघून ये. नसंल मेढ, तर नवी कापतो. असंल, तर इषय संपला."

हे पडवीतून रखमाबाईनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या हातात भाकरीचं फडकं देताना ती हळूच बोलली, "असली तरी नाय म्हन."

"आये!"

"पाप लागंल ते मना लागू दे."

झालं! आईसाठी खोटं बोलायचं, आणि ते बापाशी. हिरामण खोटं बोलण्यात अगदी कच्चा. लगेच कान लाल व्हायचे त्याचे. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी त्याला या संकटापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं जास्त घेरलं होतं. लहानपणापासून त्याला खोडच होती, प्रत्येक गोष्ट उघडून बघायची. मामाचं घड्याळ त्यापायी कायमचं बंद पडलं होतं. आता त्याला वाटत होतं, आपण जिथं रांगलो तिथं आता काय असेल? आपली चूल होती तिथं कोण जेवत असेल? आपण निजायचो त्या कोपऱ्यात कोण निजत असेल, आणि त्याला कधी कळत असेल का, की इथं आधी कुणीतरी निजत होतं? रेल्वेची नोकरी बदलीची. या क्वार्टरमधून त्या क्वार्टरमध्ये फिरणाऱ्या माणसानं आपलं पहिलं घर एकदा डोळे भरून बघून घ्यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तो स्टेशनवर पोचतो तो काय, महिपती आधीच फलाटावर. धुवट टोपी, नव्या वहाणा.

"तू येतोस, बा?"

"शहाडपत्तूर. पुढं नाय. मना चहा प्यायचाय."

आता बदलापुरात काय चहा मिळत नव्हता? पण विचारणार कोण!

कल्याणला गाडी बदलून दोघं शहाडला उतरले. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात महिपती बाकड्यावर असा काही बसला, की आता सरकारी हुकूमसुद्धा त्याला उठवणार नाही. "जा," म्हणाला. "उगी घाई करू नको. नीट बघ."

हिरामण कॅम्पात शिरला आणि चक्रावलाच. लांबच लांब बराकी, एकीत बिस्किटांची भट्टी, दुसरीत कापडाचं दुकान, तिसरीच्या दारात लोणच्याच्या बरण्या. गोणपाटाचे नि जुन्या साड्यांचे आडपडदे लावून एकेका बराकीची कितीतरी घरं केलेली. "आओ साईं, पैंट का कपड़ा देखो, नौकरीवाले लगते हो!" एकानं हाक मारली. हिरामणला वाटलं, हे आपल्या कपाळावर लिहिलंय की काय!

ओळखीचं काही म्हणता काही नव्हतं. चिंच नव्हती, ओढा गटारासारखा झाला होता. तेवढ्यात त्याला विहीर दिसली. कठडा सिमेंटचा झाला होता, पण आतली एक पायरी फुटकी होती ती तशीच होती. त्याच पायरीवर पडून त्याची हनुवटी फुटली होती. त्यानं हनुवटीवरून हात फिरवला आणि एकदम हसला. विहीर सापडली म्हणजे घर सापडलं. आईच्या पदराला धरून विहिरीवरून घरी जायची वाट त्याच्या पायांना ठाऊक होती. विहिरीला पाठ करायची, समोर टेकडीचं टोक धरायचं आणि नाकासमोर चालायचं. आई तशीच चालायची.

चालू लागला तर समोर बराक! वाट सरळ एका बिऱ्हाडातून जात होती. तो दारात घुटमळला. आत एक बाई डाळ निवडत होती.

"बाईजी, मुझे उधर जाना है," हिरामण म्हणाला. "सीधा."

"तो बाजू से जाओ ना."

"बाजू से गया तो चुक जाऊंगा."

बाईनं त्याला वर-खाली बघितलं. वेडा असेल तरी निरुपद्रवी आहे, असं ठरवलं असावं. "चप्पल निकालो," म्हणाली. हिरामणनं चपला हातात घेतल्या, एका दारानं आत शिरला, खाटेवरच्या म्हाताऱ्याला रामराम केला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. म्हातारा त्याच्याकडं बघतच राहिला.

आणि बाहेर पडला तो थेट मेढीसमोर.

दोन बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत ती उभी होती. तीच! खैराची, वर बेळकं असलेली. पण तिचा थाट काय वर्णावा! खाली विटांचा चौथरा, अंगाला लाल कापड, तेलानं काळीभोर चकाकतेय, पुढं उदबत्त्यांचा धूर. एक पोरसवदा बाई तान्ह्या पोराला चौथऱ्यावर टेकवत होती. बाजूला पापडांच्या चळती घेऊन बसलेला एक जाडजूड दुकानदार हात जोडून पुटपुटत होता.

"ये क्या है?" हिरामणनं कसंबसं विचारलं.

"थंभेवारो साईं!" दुकानदार म्हणाला. त्याचं नाव टोपणदास. "खांब का देव. बहुत जागृत है. मिल्ट्री का ट्रक आया था लकड़ी उठाने, पीछे लेता था, धड़ाम! ट्रक का लोखंड मुड़ गया, साईं को खरोंच नहीं. तब से पूरी गली मानती है."

खैराचा खांब तो! पुरुषभर जमिनीत गाडलेला. ट्रकचं काय होणार दुसरं? हिरामणला असं हसू फुटलं, की त्यानं तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं.

"और ये देखो," टोपणदास कौतुकानं पुढं सांगत होता. "साईं का कमरपट्टा. कुदरती है."

मेढीच्या कमरेला चहूकडून एक खोल घासा पडलेला होता आणि त्यात लाल दोरे गुंडाळलेले होते. हिरामणचं हसू जागच्या जागी विरलं. तो घासा त्याच्या आईच्या हातचा होता. वर्षानुवर्षं रोज सकाळी ती मेढीला दोर अडकवून ताक घुसळायची. त्या दोरानं लाकूड खाल्लं होतं. रवीचा तो घुर्रघुर्र आवाज ऐकत त्याला जाग यायची आणि आई बोटावरचा लोण्याचा गोळा त्याच्या तोंडात घालायची. त्याला काही कळायच्या आत त्याचा हात पुढं गेला, अंगठा बरोब्बर त्या खाचेत बसला, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"पुट... बेटा," मागून कुणीतरी म्हणालं.

एक म्हातारी होती. पांढरी ओढणी, पिठानं माखलेले हात. टोपणदास झटकन बाजूला सरकला. "पोपटी अम्मा. साईं की सेवा यही करती है."

म्हातारीनं हिरामणच्या अंगठ्याकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं, आणि त्याला हाताला धरून आपल्या बिऱ्हाडात नेलं. "विहो, बैठो." आल्या माणसापुढं पापड आणि पाणी ठेवायची त्यांची रीत. ते तिनं ठेवलं. मग दाराचा पडदा ओढला आणि हलक्या आवाजात विचारलं, "तेरी मां लस्सी किस तरफ़ बैठ के बिलोती थी?"

हिरामणच्या हातातला पापड मोडला.

"अम्मा, तुमको मालूम है?"

"आठ बरस से मालूम है. सिंध में, शिकारपुर में, मेरे आंगन में भी ऐसा ही थंभा था. ऐसा ही निशान. मेरे हाथ का." तिनं आपले तळवे उघडून दाखवले. "हम आए, तब इस पर मिल्ट्री की तार बंधी थी, और ऊपर एक पीला कपड़ा. मेरा आदमी बोला, काट के चूल्हा जलाते हैं. मैंने बोला, नहीं. देख, कोई गांठ बांध के गया है. गांठ आने का वचन होती है. तो मैं तेल लगाती रही. देव तो बाद में गली ने बनाया. मैंने मना नहीं किया." ती थोडी थांबली. "उधर मेरे थंभे को भी कोई तेल लगाता होगा. या जला दिया होगा. कौन जाने."

बाहेर तान्हं पोर रडायला लागलं. टोपणदास त्याला खेळवत होता.

"तू ले जाने आया है?" म्हातारीनं विचारलं. "तेरा है, पुट. मैं गली को समझा दूंगी. गालियां देंगे, देने दो."

हिरामणनं पडद्याच्या फटीतून मेढीकडं बघितलं. मेढ उपटून नेली, तर आईला घर मिळेल. पण इथं ज्यांनी एवढं सगळं गमावून पुन्हा एक गोष्ट धरून ठेवली होती, त्यांच्या हातून ती ओढून कशी न्यायची? आणि न नेता 'आहे' म्हणून सांगितलं, तर बाप पुन्हा मेढीच्या नावानं बसून राहणार आणि आई पडवीतच मरणार. 'नाही' म्हणावं तर अंगठ्याला अजून तेल लागलेलं होतं. तो नुसता म्हातारीच्या पाया पडला आणि बाहेर पडला.

शहाडच्या दुकानात महिपतीसमोर चहाचे रिकामे ग्लास साचले होते. पोरगा दिसताच तो उभाच राहिला.

"हाय?"

हिरामणनं तोंड उघडलं. आईचा चेहरा आठवला. कान तापले. "बा... तूच चल."

"म्हंजे नाय."

"तसं नाय."

"मंग हाय!"

"तसंबी नाय, बा. मना सांगता येत नाय. तू ये."

महिपतीनं पोराला एक शिवी हासडली. मग टोपी सारखी केली आणि चालायला लागला. विहिरीपाशी तो थबकला, टेकडीचं टोक बघितलं आणि थेट त्याच बिऱ्हाडाच्या दारात जाऊन उभा राहिला. डाळ निवडणारी बाई कपाळावर हात मारत म्हणाली, "आप भी सीधा? निकालो चप्पल!"

मेढीसमोर पोचल्यावर महिपती जागीच थांबला. लाल कापड बघितलं, उदबत्त्या बघितल्या, हात जोडलेली माणसं बघितली. टोपणदासनं ट्रकची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. महिपतीनं ती शेवटपर्यंत ऐकली आणि "खैर हाय," एवढंच पुटपुटला. मग पुढं झाला आणि त्याचाही अंगठा त्या खाचेत गेला.  दारातून पोपटी अम्मा बघत होती. पिठाचे हात तिनं ओढणीत घट्ट धरले होते. आता हा म्हातारा तोंड उघडणार आणि एका शब्दात गल्लीचा देव जाणार, हे तिलाही कळत होतं.

टोपणदासनं आदरानं विचारलं, "साईं, आप कहां के?"

महिपतीनं खांबावरचा हात काढला नाही. हिरामणला उत्तर पाठ होतं. तेरा वर्षांत ते कधी बदललं नव्हतं.

"बदलापूरचा," महिपती म्हणाला. "पाव्हना हाय."

टोपी काढून त्यानं चौथऱ्यावर डोकं टेकलं.  त्याचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा मोठा भाव आहे देवावर. पोपटी अम्मानं पुढं येऊन पापड-पाणी त्याच्या हातात दिलं. तिनं बेळक्याला बांधलेलं फडकं सोडलं. विटून पांढरं झालेलं, आत सुपारी तशीच. ते महिपतीच्या मुठीत दाबून ती म्हणाली, "परसाद है, साईं."

परतीच्या गाडीत बाप मुठीतलं फडकं उलटसुलट करत राहिला. बदलापूर येता येता म्हणाला, "बरी राखलीय बाईनं. आपल्याला जमलं नसतं."

घरी रखमाबाई चुलीपुढंच होती. वेणूबाईही कान देऊन उंबऱ्यात उभी. रखमाबाईनं आधी पोराकडं बघितलं. हिरामणनं मान खाली घातली. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"काय? हाय का नाय?"

महिपतीनं फडकं तिच्यापुढं ठेवलं. "मेढ नाय ऱ्हायली आपली. देव झाली." एवढं बोलून तो परसात गेला. कौलांमागं काहीतरी खणखणलं, एक विंचू मारल्याचा आवाज आला, आणि हातात कुऱ्हाड घेऊन तो परत आला. "उद्या रानात जातो. हिरामना, तूबी चल, जायच्या आदी खड्ड्याला हात लाव."

रखमाबाई फडक्याकडं बघत होती. ती गाठ तिनंच मारून दिलेली होती.

"आनि तू," महिपती तिला म्हणाला. "तू सांग. ताक घुसळाय कुठल्या अंगाला बसशील? तशी मेढ रोवतो."

रखमाबाईनं पदर तोंडाला लावला. हुंदका आवरून, वेणूबाईच्या देखत, चांगल्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "उगवतीला."